पायाखालची नक्षी

नव्या घराचा मुहूर्त ठरला की दुकान वाढवून घरी परतलेल्या कर्त्या पुरुषासमोर रात्री टाइल्सचे जाडजूड कॅटलॉग उघडले जातात. मुलांना आरशासारखी चकाकणारी फरशी हवी असते. सूनबाईंना स्वयंपाकघराच्या भिंतीवर निळी नक्षी मनात भरलेली असते. कोपऱ्यात बसलेल्या आजींचा प्रश्न मात्र एकच असतो, "पाय तर घसरणार नाही ना?" तिन्ही अपेक्षांत आजींचा प्रश्न सर्वांत साधा, परंतु पुढील वीस-पंचवीस वर्षांचे त्या घराचे स्वास्थ्य त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते. भिंतीचा रंग चुकला तर पुन्हा देता येतो, पडदे बदलता येतात. फरशी एकदा बसली की ती उखडण्यासाठी अख्खे घर रिकामे करावे लागते. म्हणूनच घरातील इतर कोणत्याही सजावटीपेक्षा येथे विचार आधी आणि मोह नंतर असावा.

लादीचा वारसा

फरशीवर नक्षी उमटवण्याची हौस आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत उभ्या राहिलेल्या अनेक वास्तूंसाठी इंग्लंडमधून रंगीत टाइल्स जहाजाने येत असत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातील मिंटन टाइल्सची जमीन आजही पाहणाऱ्याला थबकायला लावते. ही वास्तू 1872 मध्ये जनतेसाठी खुली झाली. पुढे स्वदेशीच्या वातावरणात 1922 साली सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना सुरू केला आणि नक्षीदार सिमेंटच्या लाद्या येथेच तयार होऊ लागल्या.

या लादीची कृती मोठी सुबक आहे. लोखंडी चौकटीत नक्षीचा धातूचा साचा ठेवतात. त्याच्या एकेका कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचे पातळ मिश्रण ओततात. साचा अलगद उचलून त्यावर सिमेंट-वाळूचे थर देतात आणि यंत्राने दाब देऊन लादी घट्ट करतात. नंतर तिला भट्टीत न घालता पाण्यात मुरवतात. रंग वरवर छापलेला नसतो, काही मिलिमीटर खोलवर भरलेला असतो. त्यामुळे अशी लादी तीन पिढ्यांच्या पावलांनी झिजली तरी नक्षी पुसली जात नाही. तमिळनाडूतील चेट्टिनाड भागात नाट्टुकोट्टै चेट्टियार या व्यापारी समाजाने बांधलेल्या प्रशस्त हवेल्यांत आत्तंगुडी गावच्या लाद्या दिसतात. त्या काचेच्या तुकड्यावर हाताने घडवल्या जातात आणि काचेमुळेच त्यांना अंगची झळाळी येते.

आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातमधील मोरबीहून येतात. एकेकाळी कौले आणि भिंतीवरची घड्याळे यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आता देशाच्या टाइल व्यवसायाचे केंद्र झाले आहे. बारीक दळलेल्या मातीची भुकटी प्रचंड दाबाने दाबली जाते, वर यंत्राने चित्र छापले जाते आणि रुळांवरून सरकत सरकत टाइल सुमारे 1200 अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीतून पार होते. संगमरवर, लाकूड, कोटा किंवा जुनी सिमेंट लादी यांपैकी कोणतेही रूप तिला देता येते. मात्र रूप सारखे असले तरी गुण सारखे नसतात, आणि ग्राहकाची फसगत येथेच होते.

भिंतीची वेगळी, जमिनीची वेगळी

टाइलचा खरा स्वभाव तिच्या पाणी शोषण्यावरून कळतो. भिंतीसाठीची सिरॅमिक टाइल सच्छिद्र असते. ती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. म्हणूनच ती हलकी, कापायला सोपी आणि भिंतीला चटकन धरणारी असते. व्हिट्रिफाइड टाइल साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते. ती घट्ट, मजबूत आणि जमिनीला योग्य. नक्षी आवडली म्हणून भिंतीची टाइल जमिनीवर बसवली, तर कपाट सरकवताना वा वरवंटा पडताना ती तडकते.

जमिनीच्या टाइलचा दुसरा गुण म्हणजे पकड. पुष्कळ उत्पादक 'आर 9' ते 'आर 13' अशी श्रेणी देतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड अधिक. कोरड्या दिवाणखान्यात 'आर 9' चालते. न्हाणीघर, मोरी, धुण्याची जागा आणि पावसाचे पाणी येणारी गच्ची येथे 'आर 10' किंवा 'आर 11' मागून घ्यावी. दुकानात टाइल हाताने चाचपून भागत नाही. तिच्यावर पाणी टाकून, चप्पल काढून, पाय ठेवून पाहावे. चांगला विक्रेता यास नाही म्हणत नाही. आजींच्या प्रश्नाचे उत्तर याच परीक्षेत मिळते.

नक्षीदार टाइल सर्वत्र लावल्यास डोळ्यांना विसावा राहत नाही. तिची शोभा मोजक्या जागी खुलते. स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत, प्रवेशद्वारापाशी चौकटीएवढा पट्टा, जिन्याच्या पायऱ्यांचा उभा भाग आणि न्हाणीघराची एखादी भिंत एवढे पुरेसे आहे. ओट्यामागे फोडणीचे शिंतोडे उडतात, म्हणून तेथे खोलगट उठावाची टाइल टाळावी. खाचांत तेलकटपणा साचतो. तेथे गुळगुळीत चकाकीची टाइल उत्तम.

जमिनीची नक्षी निवडताना आणखी एक गोष्ट लक्षात घेतली जाते. स्वस्तिक, कलश यांसारखी मंगलचिन्हे असलेली टाइल पायाखाली येऊ नये, ती भिंतीवरच शोभते. खूप गडद वा ठिपक्याठिपक्यांच्या जमिनीवर मुंगीसारखा बारीक जीव नजरेस पडत नाही. फिकट, शांत रंगाची जमीन असेल तर पाऊल जपून टाकणे आणि केर हळुवार काढणे सोपे जाते.

हिशोब आधी, खरेदी नंतर

व्यापारी घराला हिशोब शिकवण्याची गरज नसते, तरी टाइलच्या खरेदीत तो हमखास चुकतो. दोन फूट बाय दोन फूट टाइलच्या एका पेटीत बहुधा चार नग असतात आणि ती सुमारे साडेपंधरा चौरस फूट जागा व्यापते. बारा बाय दहाच्या खोलीला 120 चौरस फूट लागतात. कापण्यात व फुटण्यात जाणारे दहा टक्के धरले तर 132, म्हणजे नऊ पेट्या. टाइल तिरकी बसवायची असेल तर नासधूस पंधरा टक्क्यांपर्यंत जाते.

प्रत्येक पेटीवर बॅच आणि शेड क्रमांक छापलेला असतो. सर्व पेट्यांवर तो एकच असल्याची खात्री माल उतरवून घेतानाच करावी. भट्टीच्या दोन फेऱ्यांत रंग किंचित बदलतो, आणि कमी पडल्या म्हणून नंतर आणलेल्या चार टाइल्स आयुष्यभर डोळ्यांत खुपतात. काम संपल्यावर उरलेली एक पेटी माळ्यावर जपून ठेवावी. दहा वर्षांनी एखादी टाइल फुटली की तेव्हा तो नमुना बाजारात मिळणार नाही.

बसवणीत खरे कौशल्य

महागडी टाइल निष्काळजी हाताने बसवली तर वाया जाते, आणि साधी टाइल कुशल गवंड्याच्या हाती राजेशाही दिसते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणून केवळ सिमेंटच्या पाण्याने ती घट्ट चिकटत नाही. तिच्यासाठी तयार चिकटवण (टाइल ॲडहेसिव्ह) वापरणे श्रेयस्कर. ते दातेरी थापीने संपूर्ण जागेवर पसरावे लागते. चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी पाच गोळे लावून टाइल दाबून टाकणे ही सर्रास आढळणारी पद्धत घातक आहे. खाली पोकळी राहते आणि जड वस्तू पडताच टाइल फुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाण्याने टाइल वाजवून पाहावी. भरीव आवाज आला तर काम पक्के. पोकळ आवाज आला तर ती त्याच वेळी काढून पुन्हा बसवून घ्यावी.

टाइल्स एकमेकींना अगदी चिकटवून लावल्या की जमीन अखंड दिसते, हा समज चुकीचा आहे. उष्णतेने टाइल किंचित प्रसरण पावते. जागा नसेल तर ती मधोमध उचलली जाते. किमान दोन मिलिमीटरचा सांधा राखून तो भरून घ्यावा. न्हाणीघर व स्वयंपाकघरात इपॉक्सीचे सांधे महाग पडतात. परंतु ते पाणी व डाग पीत नाहीत, आणि मुंग्यांना घर करण्यास भेगही उरत नाही.

न्हाणीघरात टाइल बसवण्यापूर्वी ओलप्रतिबंधक थर देऊन जमिनीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावर ओल उतरते का ते पाहावे. ऐंशी ते शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर एवढा उतार जाळीकडे हवा. मुहूर्त जवळ आला म्हणून ही दोन दिवसांची परीक्षा टाळली जाते आणि पुढे वर्षानुवर्षे शेजाऱ्याच्या छताची तक्रार ऐकावी लागते.

जुनी जमीन काढण्यापूर्वी

ज्या घरांत आजोबांच्या काळातील नक्षीदार सिमेंट लाद्या आहेत, त्यांनी त्या फोडण्यापूर्वी एकवार थांबावे. वर्षांचा मळ आणि मेण निघून घासकाम झाले की त्या पुन्हा खुलतात. त्यांच्यावर आम्ल मात्र कधीही टाकू नये. सिमेंट आणि संगमरवर दोन्हीही त्याने खातात. सौम्य साबणाचे पाणी आणि ओले फडके पुरे. सर्व लाद्या वाचवणे शक्य नसेल, तर शाबूत असलेल्या निवडून देवघरासमोर किंवा ओसरीत गालिच्यासारखा चौक बसवता येतो.

घराची फरशी पाहुण्यांना क्षणभर दिसते. घरच्या माणसांचा तिच्याशी रोजचा, अनवाणी संबंध असतो. पहाटे उठून चाचपडत जाणारी आजी, रांगणारे बाळ, न्हाऊन ओल्या पायांनी धावणारी मुले यांना जी जमीन सांभाळून घेते, तीच सुंदर. कॅटलॉग मिटण्यापूर्वी एक नमुना टाइल घरी आणावी, ओली करावी आणि आजींनाच तिच्यावर उभे करावे. त्यांनी मान डोलावली की मग खुशाल नक्षी निवडावी.