दिसत नाही ते दुखणं

हात मोडला की प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. पण आमवाताचं तसं नाही. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात, तो सुरुवातीला ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोनतीन पटीनं अधिक होतो, आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात.

माधवनगरसारख्या यंत्रमागाच्या गावातली कांड्या भरणारी एखादी बाई घ्या. पहाटे उठते तेव्हा तिची मूठ वळत नाही. भाकरी थापवत नाही, धुणं पिळवत नाही. दिवस वर येईतो बोटं सैल पडतात आणि ती कामाला लागते. मग घरात बोलणं निघतं, "सकाळी बरं दुखत होतं, आता कसं चालतंय?" बिचारी काय सांगणार!

खरं म्हणजे हीच या रोगाची खूण. उतारवयात झिजलेला गुडघा चालल्यानं दुखतो, बसलं की थांबतो. आमवाताचं उलट असतं. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, तिथं सूज धरते. रात्रभर हालचाल नसली की सांधे आखडतात आणि वापरू लागलं की मोकळे होतात. अंगात कणकण राहते, थकवा येतो. क्ष-किरणांच्या फोटोतही आरंभी काही दिसेलच असं नाही.

हे शहरातल्या लोकांचं दुखणं, असं कुणी समजू नये. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. हजार प्रौढांमागं सुमारे पाच जणांना हा रोग निघाला.

तेव्हा सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि असे काही आठवडे गेले असतील, तर थांबू नका. सांगली-मिरजेला सरकारी रुग्णालयं आहेत, तिथं दाखवा. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, ती औषधानं सरळ होत नाहीत. बाजारातल्या बिननावाच्या पुड्या मात्र घेऊ नका. त्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस मोठा आराम पडतो आणि पुढं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. हे औषध गर्भाला घातक आहे.

आता गुरुजींना आणि बाईंना एक सांगायचं आहे. सांध्यांचा असा दाह सोळा वर्षांच्या आतल्या मुलांनाही होतो, आणि लहान मूल पुष्कळदा दुखतं म्हणून सांगतही नाही. सकाळी लंगडत येणारं, पहिल्या तासाला पेन्सिल नीट धरू न शकणारं पोर मधल्या सुट्टीत धावताना दिसलं, तर ते सोंग करतंय असं ठरवून टाकू नका. पालकांना बोलावून विचारा, पहाटे उठताना त्याला कसं होतं. आणि तोवर त्याची शुद्धलेखनाची वही दुपारच्या तासाला घ्या.