कॅमेऱ्यामागचे हात : सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थी-लघुपटांचे एक दशक

विद्यार्थ्यांच्या लघुपटाला दिग्दर्शक एकच असतो. कॅमेऱ्यामागे राबणारे मात्र सात-आठ असतात. सोलापूर जिल्ह्यात हे सात-आठ जण ज्या काळात घडले, तो साधारण 2006 ते 2016 असा धरावा लागतो. त्याआधीचे सांगण्यासारखे थोडेच आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 पासून होती, पण तिथल्या जागा मोजक्या. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये चित्रपट काढला, तो मुंबईच्या मोठ्या स्टुडिओचा. नव्वदीत व्हिडिओ कॅमेरे शहरात आले ते लग्नांसाठी.

मिनी-डीव्ही टेप आली आणि कॉलेजच्या मुलांच्या हाती कॅमेरा आला. एका टेपमध्ये 60 मिनिटे मावत. ती संगणकावर उतरवायला तितकाच वेळ लागे आणि तासाला सुमारे 13 जीबी जागा अडे. हार्ड डिस्क लहान असल्यामुळे सगळे चित्रीकरण उतरवून घेणे परवडत नसे. म्हणून प्रत्येक शॉटची नोंद कागदावर ठेवणारा एक जण लागे: टेप कितवी, वेळ कोणती, टेक चांगला की वाया गेलेला. या वहीवर संकलन उभे राहत असे. वही चुकली की रात्र टेप पुढे-मागे करण्यात जाई. तालीम झाल्याशिवाय कॅमेरा चालू करायचा नाही, ही शिस्तही टेपच्या काटकसरीतूनच अंगी बाणली.

आवाजाचे काम सोलापुरात सर्वांत अवघड होते. पूर्व भागातल्या वस्त्यांत यंत्रमागांची खटखट दिवसभर चाले. नुसत्या कानाला ती सवयीची, पण हेडफोन चढवला की तीन गल्ल्यांपलीकडचा मागही संवादात घुसलेला ऐकू येई. मग खिडक्या-दारांना जाड चादरी टांगायच्या, बांबूला बांधलेला माईक नटाच्या डोक्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा आणि चौकटीत त्याची सावली पडू द्यायची नाही. दृश्य संपल्यावर सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभे करून नुसत्या खोलीचा आवाज टिपायचा. दोन संवादांमधली फट संकलनात त्याच आवाजाने बुजवली जाते. हे काम करणारा पडद्यावर कधी दिसला नाही, पण लघुपट ऐकण्याजोगा झाला तो त्याच्यामुळे.

प्रकाशाचे साधन म्हणजे थर्माकोलचा पांढरा तक्ता. एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात नटाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तक्ता योग्य कोनात धरला की त्या निवळतात आणि बुबुळात उजेडाचा ठिपका उमटतो. वारा सुटला की तक्ता धरायला दोन माणसे लागत. भारनियमनाच्या वर्षांत बॅटऱ्या चार्ज करून ठेवणे हीसुद्धा एकाची पूर्णवेळ जबाबदारी होती.

या दशकाचा सर्वांत लखलखीत पुरावा जिल्ह्याबाहेरच्या एका वर्गात तयार झाला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या भटक्या जमातीतल्या मुलाची ही गोष्ट. 58व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्यात काम करणारा सूरज पवार पुढे 'फँड्री' आणि 'सैराट'मध्येही दिसला.

मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. जिल्ह्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण त्या यशाचा धडा वर्तमानपत्रांनी चुकीचा गिरवला. अकलूज आणि करमाळ्यापर्यंत बातमीदार गेले ते चेहऱ्यांसाठी. करमाळ्याचा उजेड पकडणारे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे नाव मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिले. त्यानंतर लघुपटाच्या बैठकीत नट आणि दिग्दर्शक व्हायला हात वर होऊ लागले; माईकचा बांबू धरायला कुणी मिळेना. हे नुकसान दहा वर्षांनंतरही भरून आलेले नाही.

मधल्या काळात डीएसएलआर कॅमेरे आले होते. चित्र देखणे, पण आवाज कामचलाऊ. त्यामुळे रेकॉर्डर वेगळा, क्लॅप अनिवार्य आणि मागची माणसे उलट वाढलेली. फोनने मात्र ती घटवली. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, 2020 मध्ये उभ्या चौकटीतल्या रील आल्या आणि एकच जण नट, छायालेखक आणि संकलक झाला. फोनवर उत्तम चित्रपट होऊ शकतो, हे खरेच. पण दुसऱ्याच्या दृश्यासाठी तासभर तक्ता धरून उभे राहण्याचे शिक्षण त्यात मिळत नाही, आणि ते शिक्षण न घेतलेला दिग्दर्शक ध्वनिमुद्रकाला थांबायला वेळ देत नाही.

त्या दशकातल्या टेपा अजून कपाटांत आहेत. त्या चालवणारे कॅमेरे भंगारात गेले, आणि ज्या फायरवायर जोडणीतून त्या संगणकावर उतरत, ती नव्या लॅपटॉपवर नाही. दमट जागी पडलेल्या टेपेला बुरशी धरते. एखादी वाचवायची तर जुना चालू कॅमेरा शोधून ती आजही तासाला तास लावूनच उतरवावी लागते. डबीवरच्या चिठ्ठीवर लघुपटाचे नाव, टेपचा क्रमांक आणि नोंद ठेवणाऱ्याचे अक्षर एवढे शाबूत असते.