आरोग्यविमा: अंकुश कोणावर?

आरोग्यविमा बाजारावर सोपवावा, की त्यावर सरकारचा अंकुश असावा, हा वाद घालताना, ज्या मालाची खरी पारख विकत घेतल्यावर कित्येक वर्षांनी रुग्णशय्येवर पडल्या-पडल्या व्हावयाची, त्या मालाच्या बाबतीत ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याला कितपत अर्थ उरतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. समजा, पाच लाखांच्या विम्यात खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्ण १०,०००च्या खोलीत राहिला. तर कित्येक पॉलिसींच्या शर्तींनुसार भाड्याबरोबरच डॉक्टरांच्या व शल्यक्रियेच्या शुल्कालाही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कात्री लागते. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवावयाची उपकरणे या कात्रीतून सुटली, ती २०२० साली विमा नियामकाने तसा दंडक घातला म्हणून.

१९८६ साली सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला. १९९९च्या कायद्याने खासगी कंपन्यांना मुभा मिळाली आणि स्पर्धेमुळे पॉलिसींचे वैविध्य वाढले, हे निःसंशय. परंतु विमेदाराला अभय मिळाले ते नियमांनी. २०२४च्या तरतुदींनुसार जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. ६० महिने विमा अखंड चालू राहिल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या सबबीवर दावा फेटाळता येत नाही. आणि कॅशलेसच्या अर्जाचा निर्णय एका तासात द्यावा लागतो.

प्रत्येक सवलतीची किंमत अखेर हप्त्यातूनच वसूल होते, हा मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप निराधार नाही. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी नियामकाशी सल्लामसलत करण्याचे बंधन जानेवारी २०२५मध्ये घालावे लागले, यातच त्या आक्षेपाचे गांभीर्य दिसते. मात्र हप्ता ज्या देयकांमुळे चढतो, ती देयके आकारणारी रुग्णालये या नियामकाच्या अखत्यारीत येत नाहीत. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. तरीही कोविडच्या साथीत, मे २०२०मध्ये, महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी साधा कक्ष, अतिदक्षता आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता यांचे दैनिक दर अनुक्रमे ४,०००, ७,५०० व ९,००० रुपये ठरवले होते. म्हणजे निकड पटली की राज्याला हे साधते.

विमा कंपनीला नियमांनी बांधून रुग्णालयाला मोकळे सोडणे हे अर्धवट नियमन होय, आणि त्याचा भुर्दंड विमेदारच भरतो. सामान्य शस्त्रक्रियांचे वाजवी दर रुग्णालये, विमा कंपन्या आणि रुग्णांचे प्रतिनिधी यांना एकत्र बसवून राज्य सरकारने ठरवावेत. ही मागणी विमेदारांनी संघटितपणे सरकारदरबारी रुजू केली पाहिजे.