झेड ड्राइव्हवरची लाल फुली

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच सुमारास टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरला आणि तिथून १० नोव्हेंबरला सरकली, हे सीए मंडळींच्या घरच्यांना वेगळं सांगायला नको. या दोन बातम्यांची गाठ पडली ती दोन-तीन खोल्यांच्या ऑफिसांत. ऐन कामाच्या दिवसांत नवे विंडोज ११ चे संगणक टेबलावर आले, त्यावर टॅली उघडायला गेलं की झेड ड्राइव्हवर लाल फुली. मग हार्डवेअरवाल्याला फोन: ‘सर्व्हर येत नाहीये, लवकर या.’

पनवेलमध्ये अशी ऑफिसं भरपूर. जुन्या पनवेलमधले सीए आणि कर सल्लागार, न्हावाशेव्याच्या कामावर जगणारे सीएचए, कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले आणि लोखंडाचे व्यापारी, तळोजा एमआयडीसीला माल पुरवणारे. यातल्या फार थोड्यांकडे स्वतःचा आयटी माणूस असतो. एका कोपऱ्यात एक जुनं मशीन चोवीस तास चालू असतं, त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. त्यावरचा एक फोल्डर शेअरिंगला टाकलेला असतो आणि बाकीच्या मशीनवर तोच झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. टॅलीचा डेटा तिथे, बिल ऑफ एंट्रीच्या पीडीएफ तिथे, पक्षकारांचे पॅन-आधारही तिथेच. तो ड्राइव्ह गेला की ऑफिस बंद.

या वेळी येणारा संदेश मोठा गमतीचा आहे. मराठीत सांगायचं तर, ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना विनापासवर्ड प्रवेश नाही.’ क्रमांक १२७२. आता चार माणसांच्या ऑफिसात असं धोरण कोणी ठरवलं? मालकाने तर नाही. ठरवलं मायक्रोसॉफ्टने. ऑक्टोबर २०२४ पासून येऊ लागलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो मशीनवरही, दोन गोष्टी आपोआप लागू झाल्या. एक, दुसऱ्या मशीनवर ‘गेस्ट’ म्हणून शिरणं बंद. दोन, फाइलींची देवाणघेवाण करताना प्रत्येक पॅकेटवर डिजिटल सही सक्तीची. ही सही होते लॉगिन करणाऱ्याच्या पासवर्डातून निघालेल्या किल्लीने. गेस्टला पासवर्डच नसतो, त्यामुळे सही होत नाही आणि फाइल मिळत नाही. आदल्या दिवशीपर्यंत चालणारी झेरॉक्स मशीनची ‘स्कॅन टू फोल्डर’ सोयही अशाच कारणाने बंद पडू शकते. जुनी मशीन एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेची, पहिली आवृत्तीच बोलतात, आणि विंडोजने ती २०१७ पासूनच नव्या मशीनवर घालणं सोडून दिलं आहे.

आपल्याकडे गेस्ट प्रकरण इतकं रुजलं कसं? कारण सोपं आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी नेटवर्क जोडून देणाऱ्याला लवकर निघायचं असे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ ऑफ करायचं, फोल्डरला ‘एव्हरीवन’ लावून ‘फुल कंट्रोल’ द्यायचा, चहा घ्यायचा आणि निघायचं. कोणाची तक्रार नाही, कोणाला पासवर्ड लक्षात ठेवायला नको. उघड्या दाराचं घर होतं ते, आणि इतकी वर्षं चोरी झाली नाही म्हणून दार आहे हेच सगळे विसरले.

आता यूट्यूबवर शोधलं तर पाच मिनिटांचा उपाय हमखास सापडतो: रजिस्ट्रीत किंवा पॉलिसीत जा, गेस्ट पुन्हा चालू करा, सहीची सक्ती काढा, वर एसएमबी १ सुद्धा टाकून घ्या. ड्राइव्ह लगेच दिसतो. मला या व्हिडिओंचा राग येतो, आणि त्याचं कारण पनवेलपासून फार लांब नाही.

२७ जून २०१७. न्हावाशेवा बंदरात, तेव्हाच्या जेएनपीटीत, गेटवे टर्मिनल्स इंडियाचं काम ठप्प झालं. वर्षाला सुमारे १८ लाख टीईयू कंटेनर हाताळू शकणारं हे टर्मिनल मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं आणि आपल्या कॉनकॉरचं. कोणता कंटेनर कुणाचा आणि कुठे ठेवलाय हे सांगणारे संगणकच गेले, तेव्हा माणसांनी कागदावर काम रेटायचा प्रयत्न केला. कारण होतं ‘नॉटपेट्या’ नावाचं घातक सॉफ्टवेअर. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते बाहेर पडलं. म्हणजे सुरुवात झाली ती अकाउंटंटच्या टेबलावरूनच. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात ते घुसलं आणि त्याच दिवशी आपल्या खाडीकाठी पोचलं.

ते पसरलं कसं, हे झेड ड्राइव्हवाल्यांनी नीट समजून घ्यावं. एक रस्ता होता एसएमबी १ मधल्या भोकाचा. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. पण अपडेट केलेली मशीनही पडली, कारण दुसरा रस्ता होता: एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्या मशीनवर रीतसर फाइल शेअरिंगमधून शिरायचं. मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं की कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. एवढ्या पसाऱ्यात लॉगिनची यादी सांभाळणारा एकच सर्व्हर धड उरला होता, घानामध्ये, आणि तोही तिथली वीज गेली होती म्हणून.

तेव्हा खरा इलाज थोडा कंटाळवाणा आहे. सर्व्हर म्हणवणाऱ्या मशीनवर एक साधा यूजर तयार करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको, वर सांगितलेला दुसरा रस्ता आठवा. त्याला पासवर्ड द्या, कारण कोरा पासवर्ड नेटवर्कवरून चालतच नाही. फोल्डरवरचं ‘एव्हरीवन’ काढून हा यूजर लावा. मग प्रत्येक मशीनवर जुना झेड तोडून नवा जोडा, जोडताना ‘वेगळ्या ओळखीने जोडा’ या अर्थाच्या चौकटीत खूण करा आणि हे नाव-पासवर्ड घाला. चार मशीनचं ऑफिस असेल तर दुपार पुरते.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. सकाळी मशीन चालू केल्यावर ‘सगळे ड्राइव्ह जोडता आले नाहीत’ असं आलं तर घाबरू नका, वायफाय जागं होण्याआधी विंडोज जागी झाली एवढंच; ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की बहुतेकदा फुली जाते. नाव घातल्यावर सर्व्हर सापडत नसेल तर त्याचा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी घालून बघा. आयपीने उघडला तर दोष नावाचा, आणि राउटरमध्ये सर्व्हरला तो पत्ता कायमचा बांधून दिला तर पुढचा त्रास वाचतो. इंटरनेटवाला बदलला, नवा राउटर आला आणि दुसऱ्या दिवशी शेअरिंग गेलं, तर विंडोजने नवं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय. ते ‘प्रायव्हेट’ करा. पिन घालून मशीन उघडणाऱ्यांना वाटतं तोच पिन नेटवर्कवर चालेल. चालत नाही, तिथे खरा पासवर्डच लागतो. १२१९ क्रमांक आला तर एकाच सर्व्हरवर दोन वेगवेगळ्या नावांनी शिरायचा प्रयत्न चाललाय. जुनी जोडणी तोडा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये अडकलेला जुना पासवर्ड पुसा. आणि एक खास टॅलीवाल्यांसाठी: प्रोग्राम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला तर साध्या लॉगिनखाली जोडलेला झेड त्याला दिसत नाही. ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये आहे आणि टॅलीत नाही, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच.

यातलं काहीच लागू पडलं नाही, पासवर्ड अक्षरशः बरोबर आहे, तरी मशीन ‘चुकीचा’ म्हणत पुन्हा पुन्हा विचारतंय, अशी स्थिती असेल तर मात्र गोष्ट मोठी आहे, आणि माझ्या मते या हंगामातली सगळ्यात रंजक.

विंडोज बसवताना प्रत्येक मशीनला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, एसआयडी. पण आपल्याकडे आठ मशीनची ऑर्डर आली की विक्रेता एकावर विंडोज, ऑफिस, टॅली, मराठी फॉन्ट असं सगळं घालतो आणि त्याच डिस्कची हुबेहूब प्रत उरलेल्या सातांवर मारतो. आठही मशीनचा एसआयडी एकच. हे वाईट, असं नव्वदीच्या दशकात सगळे मानत. म्हणून मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सने ‘न्यूएसआयडी’ नावाचा फुकट प्रोग्राम काढला. तो क्रमांक बदलून द्यायचा. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतली. नोव्हेंबर २००९ मध्ये याच रसिनोविच यांनी जाहीर लिहिलं की आपण खूप विचार केला आणि सारख्या एसआयडीने कोणाचं काही बिघडतंय असं एकही उदाहरण सापडलं नाही. ही भीती म्हणजे दंतकथा आहे. आणि स्वतःचा लोकप्रिय प्रोग्राम त्यांनी स्वतःच निवृत्त केला. विंडोजच्या पोटात काय चालतं हे त्यांच्याइतकं जाणणारी माणसं थोडी, आज ते मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी आहेत. त्यांचा शब्द जगभरच्या तंत्रज्ञांनी प्रमाण मानला आणि डिस्कच्या प्रती मारणं बिनघोर चालू राहिलं.

सोळा वर्षांनी दंतकथा खरी झाली. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटांनी विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत, तसंच विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये, एसआयडीची पडताळणी कडक केली. दोन मशीनचा क्रमांक एकच निघाला तर ती एकमेकांना ओळख देत नाहीत. मायक्रोसॉफ्टने याची कबुली दिली ती ऑक्टोबरमध्ये, म्हणजे लोक आठवडेच्या आठवडे पासवर्ड बदलत बसल्यावर. रसिनोविच २००९ मध्ये चुकले असं मी म्हणणार नाही; तेव्हाच्या विंडोजबद्दल ते बरोबरच होते, आणि प्रती मारण्याआधी, प्रत्येक प्रतीला वेगळी ओळख मिळावी म्हणून, मायक्रोसॉफ्टचं सिसप्रेप चालवावं हे धोरण कायम असल्याचंही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. तेवढं वाक्य मात्र कोणी लक्षात ठेवलं नाही. सुरक्षा वाढवली याबद्दलही तक्रार नाही. पण कोट्यवधी मशीनवर चालणारा नियम गुपचूप बदलायचा आणि छोट्या ऑफिसला त्याचा पत्ता ‘पासवर्ड चुकीचा’ अशा खोट्या संदेशातून लागू द्यायचा, ही कुठली रीत?

तपासणी सोपी आहे. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूअ‍ॅमआय’ ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘यूजर’, असं इंग्रजीत लिहा. एसने सुरू होणारा क्रमांक येईल. शेवटच्या रेघेनंतरचा आकडा सोडून बाकी सगळं दोन्हीकडे सारखं असेल तर मशीन जुळी आहेत. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६१६७ क्रमांकाची नोंद असेल तर शंकाच नको. इलाज मात्र महाग आहे: जुळ्यांपैकी एकावर विंडोज नव्याने घालायची. तात्पुरती सूट देणारी पॉलिसी मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडे मागावी लागते, आणि चार खोल्यांच्या ऑफिसातून ती कोण मागणार? नवी मशीन एकाच विक्रेत्याकडून एकगठ्ठा घेतली असतील तर हा खर्च त्याच्याकडून मागावा. सिसप्रेप न चालवता प्रती मारल्या, यात ग्राहकाचा दोष काही नाही.

राहता राहिलं कोपऱ्यातलं ते जुनं मशीन. ते बहुधा विंडोज १० वरच आहे. नाव नोंदवलं तर त्याला सुरक्षेची अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी एक वर्ष मिळतात, पण ती आपोआप येत नाहीत, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. नव्या मशीनच्या खरेदीत त्याच्याकडे कोणी बघितलेलं नसतं, आणि सगळ्या पक्षकारांचा डेटा त्याच्यावरच असतो.