मोडक्या खुर्चीचं मोल

दोस्तांनो, तुमच्या शाळेत जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांचा ढीग असेल ना? तशाच एका ढिगाची ही गोष्ट!

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं. मग पंजाबच्या राजधानीसाठी चंडीगड हे नवं शहर वसवायचं ठरलं. त्याचे वास्तुशिल्पकार ल कॉर्बुझिए. त्यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे १९५१ मध्ये तिथे आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले. नव्या कचेऱ्या, ग्रंथालयं, विद्यापीठ... एवढ्या माणसांनी बसायचं कशावर? जान्नरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी खुर्च्याही आखल्या. लाकूड सागवानी, म्हणजे वाळवीची भीती कमी. बैठक वेताची, म्हणजे उन्हाळ्यात हवा खेळती. आणि पाय? कंपासपेटीतलं कर्कटक उघडून उभं करा, अगदी तस्सेच! सुतारांनी अशा हजारो खुर्च्या घडवल्या.

पुढे वेत तुटला, पाय डुगडुगू लागले. दुरुस्त कोण करणार? खुर्च्या अडगळीत पडल्या, मग भंगाराच्या लिलावात कवडीमोलाने गेल्या. व्यापाऱ्यांनी त्यांची डागडुजी केली, आणि परदेशातल्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपये मिळाले! अखेर २०११ मध्ये केंद्र सरकारने हा वारसा विकायला बंदी केली. पण तोवर कितीतरी खुर्च्या देशाबाहेर गेल्या होत्या.

जान्नरे यांची रक्षा मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे चंडीगडच्याच सुखना तलावात विसर्जित झाली.

तर मित्रांनो, घरातली जुनी खुर्ची भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उलटी करून बघा. सांधे कसे जोडलेत? ती कोणी घडवली? आजोबांना विचाराल ना?