संशयित: एक चौकोन

वर्गात प्रोजेक्टर आला म्हणजे मुलं रमतीलच असं नाही. फळ्यावरचा मजकूर पडद्यावर गेला, एवढंच अनेकदा घडतं. मुलांना स्वतः काही ठरवावं लागलं आणि ठरवताना चुकताही आलं, तरच ती गुंततात.

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने टाटा ट्रस्ट्स आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने उभारलेला ‘क्लिक्स’ उपक्रम याच पायावर उभा आहे. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांमध्ये तो राबवला गेला. त्यातला ‘पोलीस क्वाड’ हा भूमितीचा खेळ मला फार आवडतो. मुलं पोलीस, आणि संशयित एक चौकोन! गुणधर्मांवरून त्याला हुडकायचं. समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत? सगळे कोन काटकोन? चौरस हाही आयतच, हे पुष्कळ मुलांना पटत नाही, कारण त्यांनी आकार नुसते डोळ्यांनी पाठ केलेले असतात. तपास करताना मात्र व्याख्या वापरावीच लागते.

एका संगणकापाशी दोघं-तिघं बसतात, वाद घालतात. ही सोय अपुऱ्या यंत्रांमुळे केलेली तडजोड नाही. एकमेकांशी बोलत शिकणं आराखड्यातच आहे. साहित्य शाळेतल्या संगणकांवरच असल्याने इंटरनेट नसलं तरी तास होतो. 2017 सालच्या युनेस्को पुरस्कारासाठी हा उपक्रम निवडला गेला. उपक्रमात शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही तितकंच महत्त्व होतं: खेळ कुठे थांबवून “कशावरून?” असं विचारायचं, हे यंत्र ठरवू शकत नाही.