आई-वडिलांसह कॅरॅव्हॅनने ताडोबाला: चारठाण्याहून निघण्याआधी काय ठरवावे?

खरीप घरात आला, रब्बीची पेरणी उरकली की जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात थोडी उसंत मिळते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुले याच दिवसांत गावी येतात आणि विषय निघतो, ‘या वर्षी आई-बाबांना वाघ दाखवायचा.’ आता त्यात कॅरॅव्हॅनची भर पडली आहे. झोपायला पलंग, छोटे स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली ही गाडी म्हणजे चाकांवरची खोली. मात्र सत्तरी ओलांडलेल्या माणसांसाठी ही सहल सुखाची ठरेल की शिक्षा, हे गाडी किती महाग आहे यावर ठरत नाही. ते ठरते आधी केलेल्या आखणीवर.

कॅरॅव्हॅन जंगलात नेता येते का?

नाही. सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. परदेशातील चित्रफितींमध्ये गाडी तळ्याकाठी उभी, समोर शेकोटी, असे दृश्य दिसते. महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पांत तसे चालत नाही. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात खासगी वाहनाला प्रवेश नाही. नोंदणीकृत जिप्सी, सोबत मार्गदर्शक आणि आधी केलेले ऑनलाइन आरक्षण, अशीच सफारी होते. जंगलात मनाला येईल तिथे मुक्काम करणे किंवा आग पेटवणे हा गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वणव्याचा हंगाम मानला जातो.

म्हणजे कॅरॅव्हॅनचे काम प्रवेशद्वारापर्यंतचे. ती बाहेरच्या रिसॉर्टच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात, परवानगीने उभी करायची. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. तरीही ठरवलेल्या जागी या तिन्ही सोयी खरोखर आहेत का, हे फोन करून विचारावेच. वीजजोडणी नसेल तर रात्रभर एसी चालणार नाही.

मग वृद्धांना तिचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे आणि तो मुख्यतः शौचालयाचा आहे. मधुमेह, प्रोस्टेटचा त्रास किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेली माणसे प्रवासात मुद्दाम पाणी कमी पितात. ‘उगीच गाडी कशाला थांबवायची’ म्हणून गप्प बसतात. त्यातून चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गुडघे दुखणाऱ्या आईला ढाब्यावरचे भारतीय पद्धतीचे शौचालय वापरता येत नाही. गाडीतच कमोड असेल तर ही चिंता मिटते. दुपारी पाठ टेकायला जागा मिळते आणि पथ्याचे जेवण गाडीतच करता येते.

मात्र गाडी चालू असताना पलंगावर झोपू देऊ नये. अचानक ब्रेक लागला तर झोपलेला माणूस फेकला जातो. पुढे तोंड करून असलेल्या आसनावर, पट्टा लावूनच बसावे. गाडी घेण्याआधी पायरीची उंची, धरायला दांडा आणि शौचालयाच्या दाराची रुंदी प्रत्यक्ष पाहावी. वरचा पलंग वृद्धांना देऊ नये.

आधी रंगीत तालीम कुठे करावी?

थेट ताडोबा गाठण्याऐवजी एक रात्र जवळच काढून पाहावी. चारठाण्याहून मंठ्यामार्गे लोणार गाठता येते. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर २०२० पासून रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आहे. विवरात उतरण्याची वाट वृद्धांसाठी अवघड आहे, पण काठावरून सरोवर दिसते. दैत्यसूदनाचे मंदिर गावातच असल्याने त्यासाठी विवरात उतरावे लागत नाही. एमटीडीसीचे निवासस्थानही तिथे आहे. त्यामुळे गाडीत झोप लागली नाही तर खोली घेता येते.

या एका रात्रीत बरेच कळते. वडील रात्री किती वेळा उठतात, अंधारात पायरी सापडते का, आईला गाडी लागते का, हे घरी बसून समजत नाही. तालमीतच त्रास झाला तर पुढचा बेत बदलायला वाव राहतो.

ताडोबाची वाट कशी आखावी?

चारठाणा, जिंतूर, औंढा नागनाथ, हिंगोली, यवतमाळ, चंद्रपूर अशी वाट धरता येते. हा प्रवास एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. वृद्धांसोबत दिवसाला चार-पाच तास गाडी पुरे. पहिल्या दिवशी औंढ्याला नागनाथाचे दर्शन आणि यवतमाळला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताडोबाचे मोहर्ली प्रवेशद्वार, असे दोन टप्पे सोयीचे पडतात. दर दीड तासाने थांबून चार पावले चालवावे. फार वेळ पाय लोंबकळत बसल्याने ते सुजतात आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये.

दोन दिवसही झेपणार नसतील तर यवतमाळ जिल्ह्यातच पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. २०१९ मध्ये इथलाच रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक भटकंती करत बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. टिपेश्वरला गेल्यास पुढचा चंद्रपूरपर्यंतचा प्रवास वाचतो.

कोणता महिना, कोणता दिवस?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ वृद्धांसाठी बरा. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, पण चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो धोका पत्करू नये. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र बंद असते आणि एरवी मंगळवारी तिथे सफारी नसते. आरक्षण करताना ज्यांचे ओळखपत्र दिले, त्यांचे मूळ ओळखपत्र सोबत हवे.

सफारी झेपेल का?

हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. उघडी जिप्सी कच्च्या रस्त्यावरून काही तास धक्के खात जाते. ठरावीक ठिकाणांशिवाय खाली उतरता येत नाही. कंबरेच्या मणक्याचा आजार, हाडांचा ठिसूळपणा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर ती टाळलेलीच बरी. हिवाळ्यात पहाटेच्या फेरीत बोचरी थंडी असते. त्यामुळे दुपारची फेरी निवडावी. मागच्या आसनावर धक्के जास्त बसतात, म्हणून वृद्धांना पुढे बसवावे आणि पाठीला उशी द्यावी. लागोपाठ चार फेऱ्यांऐवजी एकच फेरी आणि उरलेला वेळ मोहर्लीजवळच्या इरई जलाशयाच्या परिसरात घालवला तर शरीरावर ताण येत नाही.

औषधे आणि दवाखाना

रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. औषधांची नावे, मात्रा आणि ॲलर्जी यांचा कागद आई-वडिलांच्या खिशात आणि मोबाइलमध्येही असावा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात लागते. ते बर्फाला थेट चिकटू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उन्हात उभ्या गाडीत औषधे ठेवून उतरू नये. प्रवासात अडचण नको म्हणून लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरच सांगतील.

यवतमाळ आणि चंद्रपूर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुक्कामापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आधीच पाहून ठेवावे. जंगलालगत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. वय ७० किंवा अधिक असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावे. योजनेतील रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात.

गाडी भाड्याने घेताना काय तपासावे?

• पाटी: भाड्याच्या वाहनाची पाटी पिवळी असते, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

• बदल: जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि गॅस बसवून केलेल्या कॅरॅव्हॅनला आरटीओची मंजुरी आहे का, ते नोंदणी प्रमाणपत्रात पाहावे. मंजुरीशिवाय असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत.

• परवाना: हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले. तरी मोठ्या गाडीची सवय नसेल तर चालक घ्यावा.

• हिशेब: भाड्याची कॅरॅव्हॅन बहुधा मोठ्या शहरातून मागवावी लागते. चारठाण्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर, डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि शौचालयाच्या सफाईचे पैसे कोणाकडे, हे लिहून घ्यावे.

• गॅस: ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि झोपेतच जीव जातो. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी.

कॅरॅव्हॅन परवडत नसेल तर?

बेत सोडण्याचे कारण नाही. आरामशीर आसनांची साधी मोटार, सोबत घडीची कमोड खुर्ची आणि मोहर्लीला एमटीडीसीच्या निवासस्थानात तळमजल्यावरची खोली, एवढ्यावरही काम भागते. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे. प्रकृती चांगली असलेल्यांना यवतमाळ किंवा चंद्रपूरपर्यंत बसने जाऊन पुढे गाडी करता येते.

शेवटचा निर्णय कोणाचा?

आई-वडिलांचा. मुलांनी सुट्टी काढली, पैसे भरले, म्हणून अनेक वृद्ध त्रास होत असूनही बोलत नाहीत. जन्मभर स्वतःसाठी काही मागितले नाही, त्यांना ‘आता पुरे’ म्हणणेही जड जाते. म्हणून निघण्याआधीच घरात सर्वांसमोर ठरवावे, की दोघांपैकी कोणीही ‘परत फिरू’ म्हणाले तर कारण न विचारता गाडी वळवायची. आरक्षणाचे पैसे बुडाले तरी चालतील. ही मोकळीक असेल तर दोघेही छातीतली धडधड किंवा पायाची सूज लपवणार नाहीत, आणि वेळीच कळलेल्या दुखण्यावर यवतमाळलाच इलाज होऊ शकतो.